पालथा शर्ट

शर्ट निळ्या रेघांचा होता, आणि त्याची डावी बाही घडीच्या बाहेर राहिली होती. फार नाही, बोटभर. दार लावताना मांजराची शेपटी फटीत राहावी तशी. मी शर्ट पुठ्ठ्यावर घातला, उलटला, थोपटला, पलीकडच्या टेबलाकडे सरकवला, आणि पुढचा उचलताना ती बाही मला दिसली. दिसली आणि बरं वाटलं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातून झालं. मला वाटलं, आता हा परत येणार. पाठ वर करून येणार, सोबत एखादं वाक्य येणार, मी त्यावर काहीतरी टोला देणार, इस्त्रीवरून कुणी हसणार, आणि सकाळ सुरू होणार. पलीकडच्या टेबलावर कपडे कागदात बांधायला नवी होती, नुकतीच कामाला लागलेली. तिने शर्ट उचलला, बाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोड हसली. मग पाठमोरी झाली. तिच्या कोपरांवरून मला कळलं की ती माझी घडी मोडते आहे आणि पुन्हा घालते आहे. शर्ट कागदात गेला, कागद मांडणीवर गेला. कुणी काही बोललं नाही. इस्त्रीने तेवढा वाफेचा सुस्कारा टाकला, आणि मला कसं झालं म्हणाल तर, जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं.

आमच्या लॉन्ड्रीत कपडा परत करायची एक रीत होती. ती ह्यांनी पाडली. तेव्हाचा बॉयलर असा खोकायचा की ओरडल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही, आणि ह्यांना ओरडायचा कंटाळा. म्हणून ज्याला चूक दिसेल त्याने तो कपडा पालथा करायचा आणि ज्याची चूक त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. डाग राहिला तर इस्त्रीवरून मागे धुलाईकडे, सुरकुती राहिली तर घडीवरून इस्त्रीकडे, घडी बिघडली तर बांधणीवरून घडीकडे. पालथा कपडा समोर आला की वाद नाही, पुन्हा करायचं. मग तो मालक असो नाहीतर कालच लागलेला माणूस. पुढे तो बॉयलर गेला, शांत मशीन आलं, आणि रिकाम्या झालेल्या हवेत माणसं बोलायला लागली. पालथ्या शर्टाबरोबर एक वाक्यही यायला लागलं. ‘वहिनी, हा शर्ट झोपेतून उठून आलाय का?’ ‘इंजिना, ही क्रीज आहे की नदी? मध्येच वळली ती?’ इंजिन म्हणजे आमचा इस्त्रीवाला. ह्यांच्या हाताखाली शिकला. इस्त्री फिरवताना दातांतून असा आवाज काढतो की गिऱ्हाईक वाफेचं मशीन समजून बाजूला होतं. ‘डागबाई, हा चहाचा डाग तू काढलास की नुसती ओळख करून घेतलीस?’ डागबाई मागे धुलाईला असते. डाग आधी हुंगते, मग हात लावते. तिचं म्हणणं, घराघरांतली भांडणं तिला टेबलक्लॉथवरून कळतात. खरं खोटं तिला ठाऊक.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला घडी येत होती ती कपाटात कोंबायची. पहिल्या दिवशी ह्यांनी माझा एकेक शर्ट पालथा करून परत ठेवला. तोंडाने अवाक्षर नाही. मी मनात म्हणत होते, हा माणूस माझ्याशी बोलणार तरी कधी? दिवस गेले, हात वळायला लागला, आणि एकदा ह्यांनी स्वतः इस्त्री केलेला सदरा माझ्याकडे आला. कॉलरखाली सुरकुती. मी दोनदा डोळे पुसून पाहिलं. मग तो पालथा केला आणि ह्यांच्या टेबलापर्यंत चालत गेले. सगळी लॉन्ड्री थांबली. ह्यांनी सुरकुतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा शिपका मारला आणि इस्त्री उचलली. माझं लग्न खरं त्या दिवशी लागलं असं मी धरते. आधीचा समारंभ नातेवाइकांसाठी होता. आणि कौतुक? शर्ट परत आला नाही, हेच कौतुक. ह्यांनी जन्मात मला ‘छान’ म्हटलं नाही, आणि मला ते दिवसभर ऐकू यायचं.

आता लॉन्ड्री सूनबाई चालवते. मुलगा परगावी नोकरीला असतो. महिन्यातून एकदा येतो आणि पाहुण्यासारखा टॉवेल मागतो. सूनबाई आधी बँकेत होती. हे गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता शटर कायमचं खाली येणार. तिने बँक सोडली, पदर खोचला म्हणायचं तर ती पदर घेतच नाही, पण जे काही खोचायचं असतं ते खोचलं आणि दुकानात उभी राहिली. नवं मशीन आणलं. हॉटेलांच्या चादरी आणल्या. मी माझ्या टेबलावर राहिले. माझं स्टूल, माझा पुठ्ठा, माझी खिडकी. खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, पण भिंतीवर ऊन कुठवर आलं त्यावरून मला किती शर्ट उरले ते कळतं.

नवी आली ती बांधणीला आणि थोडी घडीला. तिशीची बाई, दोन मुलांची आई, पण आमच्याकडे पुढचा माणूस येईपर्यंत आधीचा नवाच. तिने घातलेली एक घडी इंजिनच्या नजरेला पडली. त्याने शर्ट पालथा करून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, ही घडी आहे का गाठोडं? आत काय बांधलंय, भाकरी?’ आम्ही सगळे हसलो. मीही हसले. इंजिनच्या वाक्यांत हे वाक्य काही फार वरच्या दर्जाचं नव्हतं, पण सकाळची वेळ होती. नवी मागे गेली आणि धुलाईच्या खोलीत, ओल्या चादरींच्या मधोमध, रडली. दुसऱ्या दिवशी आली नाही. सूनबाई तिच्या घरी गेली, तिला समजावून घेऊन आली, आणि येताना तिचा स्वतःचाच चेहरा कुणीतरी परत केल्यासारखा झाला होता. त्यानंतर कुठेतरी छोट्या धंदेवाल्यांसाठी एक शिबिर भरलं होतं, तिथे ती गेली, आणि परतली ती कौतुकाची फेरी घेऊन.

फेरी म्हणजे सकाळी शटर उघडलं की सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आपल्या उजव्या हाताच्या माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. सूनबाई मध्ये उभी राहायची. पहिल्या दिवशी इंजिनच्या उजव्या हाताला डागबाई आली. त्याने तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, हा आता तिला हुंगणार. ‘हिचा स्वभाव...’ तो म्हणाला आणि थांबला. ‘हिचा जो स्वभाव आहे...’ पुन्हा थांबला. ‘हिची वेणी छान आहे.’

डागबाई स्वतःच्या उजवीकडे न बघता त्याच्याकडेच बघून म्हणाली, ‘ह्याची इस्त्री गरम असते.’

‘माणसाबद्दल बोला हं,’ सूनबाई म्हणाली, ‘इस्त्रीबद्दल नको.’

‘मग माणूसही गरम असतो.’

दुसरा नियम असा की कपडा परत करायचा नाही. चूक दिसली तर आपणच नीट करायची, आणि सांगायचंच झालं तर एकांतात, सौम्य शब्दांत. आता एकांत म्हणजे आमच्या लॉन्ड्रीत एकच जागा, आणि तिथे दोघं मावत नाहीत. त्यामुळे सांगणं बंदच झालं. इंजिन दुपारपर्यंत डागबाईचे डाग काढत असायचा, डागबाई संध्याकाळी इंजिनच्या सुरकुत्या काढत असायची, आणि जो तो दुसऱ्याचं निस्तरत असताना तोंडाने ‘वा, छान’ म्हणत असायचा. लग्नघरातल्या व्याह्यांसारखे सगळे वागायला लागले. एकदा इंजिन माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, ‘वहिनी, खरं सांगा. मला काढणार आहेत का?’

‘का रे बाबा?’

‘कुणी काही बोलतच नाही. माणसाला काढायच्या आधी असंच गोड बोलतात. माझ्या मेव्हण्याशी सहा महिने गोड बोलत होते.’

पण नवी आता काम करताना गुणगुणते. हेही सांगायला हवं. सुरात नाही, पण गुणगुणते, आणि तिचं पाहून डागबाईही मागून काहीतरी म्हणते, आणि मशीनच्या घरघरीत ते दोन आवाज एकमेकांना शोधत फिरतात. पूर्वी आमच्याकडे कुणी गात नव्हतं. भांडायलाच वेळ पुरायचा नाही.

तर ती बाही. नवा नियम आला होता, तरी जुन्या सवयीने मला वाटलं होतं की शर्ट परत येणार. घरी गेले तरी ती डोळ्यांपुढून हलेना. चूक झाली म्हणून नाही. चुका मी पुष्कळ केल्या आहेत. एकदा एका वकिलाचा कोट मी दातांच्या डॉक्टरांना दिला होता, आणि ते तो घालून दोन दिवस दात काढत होते. मला छळत होतं ते नवीचं हसू. असं हसू मी पाहिलेलं होतं. माझ्या आईच्या शेवटच्या वर्षांत ती निवडलेल्या डाळीत पुन्हा खडे टाकायची, आणि आम्ही बहिणी असंच हसायचो, आणि तिची पाठ वळली की डाळ पुन्हा निवडायचो. आम्हाला वाटायचं, आपण केवढ्या गुणी. आई एकदा म्हणाली होती, ‘मेल्यांनो, एकदा तरी रागवा ग.’ आम्हाला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. आता मी रिकाम्या हाताने अंथरुणावर बसून हवेत शर्टाची घडी घालत होते आणि विचार करत होते: नवीने तो शर्ट नियमामुळे परत केला नाही, की मी म्हणून? नियमामुळे असेल तर ठीक. नियम सगळ्यांना सारखा. पण मी म्हणून असेल, तर त्याचा अर्थ असा की मी आता चूक करणाऱ्या माणसांत मोडत नाही. मी पावसासारखी झाले. पाऊस चुकला असं कुणी म्हणत नाही. छत्री उघडतात.

विचारून मोकळं व्हावं तर विचारणार कुणाला? तोंडावर सगळे गोडच बोलणार. म्हणून मी ठरवलं, चूक जरा मोठी करून बघायची. नियम किती ताणला जातो ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी मी एका शर्टाची कॉलर आत दुमडली. शर्ट मान गेल्यासारखा दिसत होता. नवी म्हणाली, ‘छान आजी.’ त्यानंतर एकाची बटणं एक घर सोडून लावली. ‘किती निगुतीने करता हो.’ मग मी एका शर्टाच्या पोटात दुसरा शर्ट घातला, आणि दोन्ही मिळून एकच म्हणून बांधणीला पाठवला. इंजिनने ते पाहिलं. त्याच्या ओठांवर वाक्य आलेलं मला दिसलं. वाक्य चांगलं असणार, कारण त्याचे कान हलले. पण त्याने सूनबाईकडे पाहिलं, वाक्य गिळलं, आणि इतक्या जोरात वाफ सोडली की दोघंही दिसेनासे झाले, तो आणि वाक्य. फेरीत तो म्हणाला, ‘वहिनींच्या कामात रोज काहीतरी नवीन बघायला मिळतं.’ दुसऱ्या दिवशीच्या फेरीत नवी म्हणाली, ‘आजींची घडी... मऊ असते.’

मला चेव चढला. ह्या वयात चेव चढायचे प्रसंग थोडे. शेवटी मी एका पँटची शर्टासारखी घडी घातली. पँटला कॉलर नसते, तरी मी काढली. दोन्ही पाय मागे बाहीसारखे दुमडले, कमरेचा भाग पुढे आणून ताठ उभा केला, आणि सांगते, पाहणाऱ्याला क्षणभर तो बिनबाह्यांचा उंची शर्टच वाटला असता. इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. नवीने तो उचलला. तिच्या हातून कागद पडला. ती सूनबाईकडे गेली, सूनबाई माझ्याकडे आली, खाली वाकली, आणि लहान मुलाला विचारतात त्या आवाजात म्हणाली, ‘आई, दमलात का? थोडं पडता का?’

तिच्या डोळ्यांत ती नजर होती. जिन्यावर माणसं म्हाताऱ्यांच्या पायांकडे बघतात ती.

घरी त्या आठवड्यात मी गॅस बंद केला की ती मागून येऊन पुन्हा बंद करायची. मुलाचा फोन आला. मी बहिरी झाल्यासारखा ओरडत होता. ‘आई, ओळखलंस का? कोण बोलतंय?’

‘टॉवेल मागणारा.’

‘आई, आज वार कोणता आहे सांग बघू.’

‘का रे, तुझ्याकडचे संपले?’

तो हसला नाही. फोन सूनबाईकडे दे म्हणाला. ती बाल्कनीत जाऊन बोलली, आणि बाल्कनीचं दार आमच्याकडे नीट लागत नाही. ‘टेबलावरून एकदम उठवायला नको,’ ती म्हणत होती. ‘काउंटरपाशी एक चांगली खुर्ची ठेवते. उशी घालून. आल्यागेल्याशी बोलतील, त्यांचाही वेळ जाईल.’ खुर्ची. उशी घालून. मी आत बसल्या बसल्या ती खुर्ची पाहिली, तिच्यात बसलेल्या मला पाहिलं, आणि गिऱ्हाइकं मला विचारत होती, काय आजी, बरं आहे ना, आणि मी हसत होते, सगळ्यांकडे पाहून सारखीच. माझी मस्करी आता माझ्याच अंगाशी आली होती. सांगून टाकावं? सांगितलं तर कळणार कसं की त्यांनी मला सोडलं होतं की नियमाला धरलं होतं? आणि नाही सांगितलं तर उशी. रात्रभर हा काटा असा आणि तसा टोचत राहिला, आणि सकाळी सूनबाई म्हणाली, ‘आई, आज जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. नुसतं दाखवायला.’

डॉक्टर पोरगेलासा होता. ‘आजी,’ तो भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, ‘मी तीन शब्द सांगतो. लक्षात ठेवायचे. मग विचारीन. घोडा, दिवा, खिडकी.’ मग त्याने महिना विचारला, मजला विचारला, सूनबाईकडे बोट दाखवून ‘ह्या कोण?’ विचारलं. ‘ह्या माझ्या मालक,’ मी म्हटलं. त्याने काहीतरी लिहिलं. सूनबाई माझ्या बाजूला बसली होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. तिचे अंगठे पर्सच्या कडेवर फिरत होते. ‘आता हा कागद उजव्या हातात घ्या,’ डॉक्टर म्हणाला, ‘मधोमध घडी घाला, आणि मांडीवर ठेवा.’

मी कागद घेतला. इथे मी विचार करायला हवा होता. वेडीवाकडी घडी घातली असती तर खुर्ची पक्की. नीट घातली असती तर बिंग फुटलं असतं. तेवढा एक श्वास मला मिळाला होता, आणि तो मी कागद कसा आहे हे बघण्यात घालवला. कागद जाडसर होता, चांगला होता. बोटांनी कोपऱ्याला कोपरा आणला. अंगठ्याने मधली रेघ दाबली. नखाने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली. मग सवयीने आणखी दोन घड्या, कडा आत, तोंड वर, आणि वरून एकदा थोपटलं. माझ्या मांडीवर कागदाचा शर्ट तयार होता. खिशासकट म्हणायचं, कारण कोपरा जरा दुमडून मी खिसाही काढला होता.

‘वा!’ डॉक्टर म्हणाला.

सूनबाईने तो कागद उचलला, उलगडला, सपाट केला आणि माझ्या हातात दिला. ‘पुन्हा घाला,’ ती म्हणाली.

घातली.

ती उठली. ‘डॉक्टर, थँक यू,’ म्हणाली आणि दाराकडे निघाली. मी तिच्यामागे निघाले, आणि दारातून वळून म्हटलं, ‘घोडा, दिवा, खिडकी. विचारायचं विसरलात.’

वाटेत ती पुढे, मी मागे. पाठीवरून राग कळतो, इतकी वर्षं पाठी इस्त्री झालेल्या पाहिल्यावर. तिच्या कुडत्याच्या पाठीला एक सुरकुती नव्हती, तो ताणच तसा होता. दुकानात शिरलो तेव्हा काम चालू होतं. तिने पर्स काउंटरवर टाकली. टाकली म्हणजे आपटली.

‘तुम्ही मुद्दाम करत होता!’

मागची घरघर बंद झाली. डागबाई ओल्या हातांनी दारात आली.

‘सूनबाई,’ इंजिन म्हणाला, ‘एकांतात. सौम्य शब्दांत.’

‘तू गप!’

कित्येक महिन्यांनी त्याला कुणी गप म्हटलं होतं. त्याचा चेहरा असा खुलला की मला बाजूला बघावं लागलं.

‘पँटची कॉलर!’ सूनबाई म्हणाली. ‘मला झोप नाही. मी ह्यांना सारखे फोन करते. मला वाटलं तुमचं आता... आणि तुम्ही इथे बसून मजा बघत होता?’

‘मजा नव्हते बघत. वाट बघत होते.’

‘कशाची?’

‘शर्ट परत यायची!’ माझाही आवाज चढला. ‘माझी घडी चुकली. खरी चुकली, मुद्दाम नाही. आणि कुणी मला म्हणालं नाही की म्हातारे, चुकलीस. मी काय भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे? खिळ्यावर आहे म्हणून राहू द्यायचं?’

मग नवी म्हणाली, ‘आजी, तो निळ्या रेघांचा ना?’

‘तोच.’

‘मी तो परत द्यायला उचलला होता. नियम माहीत होता तरी. हातच गेला.’ ती कागदाच्या कडेशी खेळत होती. ‘मग मला आठवलं, मला त्या दिवशी कसं झालं होतं. म्हटलं, ह्यांना तसं नको व्हायला.’

‘मला तसं होत नाही.’

‘मला काय माहीत? तुमचं तोंड नेहमी तसंच असतं.’

इंजिन पहिला हसला. मग डागबाई. मी मात्र तिथेच उभी होते, कारण मी इतके दिवस दोनच खण उघडून बघत होते, नियमाचा आणि वयाचा, आणि हे तिसऱ्याच खणातून निघालं होतं. हे कुठे ठेवायचं ते मला कळेना. नवीला मी वाईट वाटण्यापासून वाचवण्याइतकी जिवंत वाटले होते. पण पालथा शर्ट सोसण्याइतकी? ते तिने ठरवलंच नव्हतं. तिने फक्त स्वतःचं आठवलं होतं.

‘आणि बाकीचे शर्ट?’ मी विचारलं.

‘बाकीचे भीतीने,’ इंजिन म्हणाला. ‘पँट पाहिली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, वहिनी चालल्या.’

‘एक शर्ट,’ सूनबाई म्हणाली. ती हसली नव्हती. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आलेला जास्त लागत होता. ‘एक शर्ट परत आला नाही तर तुम्हाला एवढं झालं. मी इतकी वर्षं इथे उभी आहे. मशीन आणलं, हॉटेलं आणली. एकदा तरी बरं म्हणालात?’

‘तुझं काही परत केलं का मी कधी?’

‘नाही.’

‘मग!’

‘मग काय, मग? मी बँकेत होते, आई. तिथे कुणी काही बोललं नाही, तर कुणी बघितलेलंच नसतं.’

फेरीत ती मध्ये उभी राहते. मध्ये उभ्या माणसाच्या डाव्या हाताला कुणी नसतं, म्हणून त्याच्याबद्दल चांगलं सांगायचं कुणाच्या वाट्याला येत नाही. हे मला तेव्हा दिसलं, आताही ती तशीच मध्ये उभी होती म्हणून. काहीतरी म्हणायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. जिभेला कुणी खळ घातल्यासारखी ती ताठ झाली होती. ‘तू...’ मी म्हटलं. ‘तुझी जी...’ इंजिन मान हलवत होता. त्याला ती वाट माहीत होती. ‘मशीन चांगलं आहे,’ मी म्हटलं.

‘माणसाबद्दल बोला,’ डागबाई म्हणाली.

‘माणूसही बरा आहे.’

सूनबाईच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की रडू, ते दोघं एकदमच दारातून निघू बघत होते. तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी नाण्याने काच वाजवली, ‘अहो, पडदे झाले का?’ आणि ती डोळे पुसत पुढे गेली. नियमाचं काय ते कुणी ठरवलं नाही. दुपारी इंजिनने एक चादर पालथी करून डागबाईपुढे ठेवली, आणि पूर्वीसारखा निघून न जाता ती पुन्हा धुऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिला, तोंडाने ‘वेणी छान आहे, वेणी छान आहे’ म्हणत. शेवटी तिने त्याच्या अंगावर पाणी उडवलं. खुर्ची आली नाही. मी माझ्या स्टुलावर बसून संध्याकाळपर्यंत शर्ट केले, सगळे नीट, आणि त्यातला एकही परत आला नाही, आणि आता ह्याचा अर्थ काय धरायचा ते मला पहिल्यांदा नक्की सांगता येईना.

त्या संध्याकाळी स्वयंपाक मी केला. गॅस मी बंद केला, आणि मागून कुणी येऊन तो पुन्हा बंद केला नाही. आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसलो. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग हात ताटावर थांबवून माझ्याकडे पाहिलं. बँकेतल्या माणसाला असतो तसा तिला एक सरळ चेहरा आहे, तो तिने लावला.

‘आई, भाजी खारट आहे.’

‘आज?’

‘नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून.’

मी घास घेतला. चावून पाहिला. मला तर काही वाटलं नाही. ‘काहीतरीच काय,’ मी म्हटलं. माझ्या कानशिलांत ऊन चढलं होतं, चांगलं खमंग, खूप दिवसांनी. ‘ह्यांना अशीच आवडायची.’

‘बाबा म्हणाले होते तसं?’

‘म्हणायचं कशाला? त्यांनी ताट कधी परत केलं नाही.’

तिने भुवई वर केली आणि पुढचा घास घेतला. मी बोट ताटात फिरवत राहिले. ह्यांची ताटावरची मूर्ती मी डोळ्यांपुढे आणली. मान खाली, सावकाश घास, तोंडाने शब्द नाही. मी समोर बसून ते रोज ‘छान’ म्हणताना ऐकत होते. सगळं जसंच्या तसं आठवलं. आणि मग हेही आठवलं, की जेवताना हे पाणी फार प्यायचे.